प्राइमसीव्ह आणि पारी/जीपी: छोट्या पट्ट्यांतल्या मूळ संख्या मोजण्याचा काही महिन्यांचा अनुभव

दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत, दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे आणि दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात. त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की एखाद्या अवाढव्य संख्येपाशी छोटासा पट्टा (लागोपाठच्या काही संख्या) घेऊन त्यात मूळ संख्या किती आणि कशा पडतात हे बघायचं असेल, तर यातलं काय कधी वापरायचं. काही महिने हाच उद्योग केल्यावर माझं मत ठाम झालंय: दोन्ही हवेत, आणि नुसता वेग बघून निवड केलीत तर फसाल.

थोडक्यात ओळख. प्राइमसीव्ह हा किम वालिश यांचा सी++ मधला प्रोग्रॅम. आत आहे ती शाळेतलीच इरॅटोस्थेनिसची चाळणी, फक्त तुकड्यातुकड्याने चालवलेली. एकेक तुकडा प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या पण वेगवान मेमरीत, मावेल एवढाच. १०^९ पर्यंतच्या ५,०८,४७,५३४ मूळ संख्या तो मोजतो तेव्हा एंटर दाबून बोट उचलायच्या आत उत्तर आलेलं असतं. पारी/जीपी फ्रान्समधल्या बोर्दोचं. आँरी कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सुरू केलं, आता काम करीम बेलाबास बघतात. ते मोजणीयंत्र नाही, संख्या सिद्धांताचा अख्खा कॅल्क्युलेटर आहे. मूळ संख्या हा त्याचा एक कोपरा.

नवीन काही हातात आलं की मी आधी माहीत असलेली उत्तरं विचारतो. ९९,९९,९०० ते १,००,००,००० या शंभरात ९ मूळ संख्या आहेत. लगेच पुढच्या शंभरात फक्त २: १,००,००,०१९ आणि १,००,००,०७९. सरासरीने तिथे शंभरात सहा यायला हव्यात, कारण x पाशी साधारण दर log x संख्यांमागे एक मूळ संख्या असते (log म्हणजे नैसर्गिक लॉग) आणि १ कोटीचा log १६.१ आहे. १६,७१,८०० ते १६,७१,८९९ हे शंभर तर पूर्ण रिकामं, आणि असं पहिलंच. गाउस हे हाताने करायचा. १८४९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एन्केला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की रिकामा पाव तास मिळाला की एखादा हजाराचा गठ्ठा मोजून टाकायचा. त्याने त्यातून हा log x चा जो नियम ताडला तो आदामार आणि द ला वाले-पूसँ यांनी १८९६ मध्ये सिद्ध केला. पण तो सिद्ध झाला एकूण मोजणीसाठी. छोट्या पट्ट्याबद्दल ते प्रमेय जवळजवळ गप्पच आहे, आणि खरी मजा तिथूनच सुरू होते.

पट्टा १,५०,००० लांबीचा घ्या. १०^१२ पासून पुढे अपेक्षा ५४२९ ची, सापडतात ५४३३. १०^१५ पाशी अपेक्षा ४३४३, सापडतात ४२५१. हे आकडे जुनेच आहेत, छापून कित्येक दशकं झाली. प्राइमसीव्हने तेच दिले म्हणून विश्वास बसला. ९२ ची तूट बघून दचकायचं कारण नाही. निव्वळ योगायोगाने मूळ संख्या पडत असत्या तरी ४३४३ च्या वर्गमूळाएवढा, म्हणजे ६६ च्या आसपास, फरक सहज पडला असता.

आता प्राइमसीव्हची मेख. १०^१८ पाशी चाळणी लावायची तर १०^९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधी हव्यात, म्हणजे त्या ५ कोटींवर संख्या. पट्टा हजाराचा असो की दहा लाखांचा, ही तयारी चुकत नाही. त्यामुळे हजाराच्या पट्ट्याला जवळजवळ दहा लाखांच्या पट्ट्याएवढाच वेळ लागतो, आणि थ्रेड वाढवून काही हाती लागत नाही. एवढ्याशा पट्ट्यासाठी मी सरळ पारीत जातो आणि नेक्स्टप्राइम या पुढची मूळ संख्या देणाऱ्या आज्ञेने एकेक पायरी चढतो. ते प्रत्येक उमेदवाराला बीपीएसडब्ल्यू नावाची, संख्या मूळ आहे का हे झटपट तपासणारी चाचणी लावतं. २^६४ पर्यंत ही चाचणी एकदाही चुकत नाही हे पडताळलेलं आहे. हजाराच्या पट्ट्यात २४ च्या आसपास मूळ संख्या अपेक्षित, आणि उत्तर तत्क्षणी. पट्टा √x च्या मानाने फारच छोटा असेल तर चाचणी, नाहीतर चाळणी, हा माझा नियम.

गंमत अशी की सिद्धांतही याच √x पाशी अडून बसलाय, कारण मात्र वेगळं. होहाइझेलने १९३० मध्ये पहिल्यांदा दाखवलं की x^(३२९९९/३३०००) लांबीच्या पट्ट्यातही मूळ संख्या अपेक्षेप्रमाणे पडतात. घातांक बघून हसू येईल, पण १ पेक्षा कमी काहीही मिळणं हीच मोठी गोष्ट होती. १९३७ मध्ये इंगहॅम ५/८ वर आला, १९७२ मध्ये हक्सली ७/१२ वर. मग मोजणीच्या या प्रश्नात ५२ वर्षं घातांक हलला नाही. २०२४ मध्ये गथ आणि मेनार्ड यांनी तो १७/३० वर आणला. पट्ट्यात निदान एक तरी मूळ संख्या असेल एवढंच हवं असेल तर बेकर, हार्मन आणि पिंट्झ यांचा २००१ चा ०.५२५ आहे. रीमान गृहीतक (मूळ संख्यांच्या वाटणीशी जोडलेलं, अजून सिद्ध न झालेलं) खरं मानलं तरी √x च्या खाली जाता येत नाही. n² आणि (n+१)² यांच्यामध्ये मूळ संख्या असतेच, हे लजाँद्रचं अनुमान म्हणूनच अजून लटकलेलं आहे. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या के. रामचंद्र यांनी १९६९ मध्ये वेगळी वाट धरली: √x लांबीच्या पट्ट्यात मूळ संख्या हमखास दाखवता येत नाही ना, मग मोठा मूळ अवयव असलेली संख्या तरी दाखवू.

प्रमेयं "पुरेशा मोठ्या" संख्यांसाठी असतात हे मान्य, पण तुलनेपुरतं बघा. १०^१८ ला ०.५२५ हा घातांक लावला तर पट्टा होतो सुमारे २८० कोटींचा. आणि २^६४ पर्यंत लागोपाठच्या दोन मूळ संख्यांमधला सगळ्यात मोठा गॅप आहे १५५०. सिद्ध झालेलं आणि दिसणारं यांच्यातली ही तफावत पारीच्या खिडकीत रोज बघायला मिळते. ती बघण्यासाठीच मी हे चालवतो, असं म्हटलं तरी चालेल.

पसाऱ्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडला. १०^१२ च्या पुढे एक लाखाचे भरपूर पट्टे प्राइमसीव्हने मोजले. सरासरी ३६१९ च्या आसपास. निव्वळ नशिबाचा खेळ असता तर प्रमाण विचलन ६० यायला हवं. येतं त्यापेक्षा स्पष्ट कमी. माँटगोमेरी आणि सौंदरराजन यांचा २००४ चा हिशोब सुमारे ४५ सांगतो आणि माझे आकडे त्याच बाजूला झुकतात. म्हणजे मोठ्या पट्ट्यांत मूळ संख्या फाशांपेक्षा जास्त शिस्तीत वागतात. पट्टा log x च्या काही पट एवढाच छोटा घेतला की ही शिस्त दिसेनाशी होते.

उलट बाजूने मायरचं १९८५ चं प्रमेय आहे. पट्ट्याची लांबी log x च्या कुठल्याही ठरावीक घाताएवढी घ्या, मोजणी अपेक्षेपासून ठरावीक टक्क्यांनी भरकटते, आणि असं अनंत वेळा होतं. कुठलाही पट्टा उचलून हे दिसत नाही. पट्टा निवडावा लागतो, आणि ती संख्या २^६४ च्या पुढे जाते, जिथे प्राइमसीव्ह थांबतो. पारीला आकाराचं बंधन नाही. मी ९७ पर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांचा गुणाकार घेतला, ३७ अंकी, आणि त्याच्या पटी N म्हणून धरल्या. N+२ ते N+१०० सगळ्या संयुक्त. पहिल्या शंभरात उमेदवार, म्हणजे ९७ पर्यंतच्या कुठल्याही मूळ संख्येने भाग न जाणारी संख्या, एकच: N+१. पण पुढे हजारापर्यंत गेलात तर १०१ ते ९९७ मधल्या १४३ मूळ संख्या आणि तो १, असे १४४ उमेदवार मिळतात. सरासरी हजारात असे उमेदवार १२० च असतात. म्हणजे शंभराच्या पट्ट्यात दुष्काळ आणि हजाराच्या पट्ट्यात वीस टक्के जास्तीची भर. बऱ्याच पटींवर मोजल्यावर मूळ संख्याही त्याच मापात जास्त येतात. मायरच्या युक्तिवादाचं इंजिन हेच आहे, आणि ते पारीच्या चार ओळींत चालतं.

काही बारीकसारीक. पारीत मोठ्या याद्या केल्यात की स्टॅक भरल्याचा संदेश येतो. अलोकेटमेम ही आज्ञा देऊन मेमरी वाढवा, किंवा यादी न ठेवता मूळ संख्यांवरून एकेक करत जाणाऱ्या फॉरप्राइममध्येच मोजत जा. दुसरा मार्ग बरा. २^६४ च्या पुढे नेक्स्टप्राइमचं उत्तर ही पक्की सिद्धता नसते, ती हवी तर इझप्राइम वेगळं चालवा. मोजणीपुरती मला कधी गरज वाटली नाही. चित्रं काढायला दोन्ही फारसे कामाचे नाहीत, मी आकडे फाइलमध्ये टाकून स्प्रेडशीटमध्ये नेतो. प्राइमसीव्ह जोडमूळ संख्याही (२ च्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्या) मोजतो, त्या पर्यायाकडे दुर्लक्ष करू नका.

फक्त मोजणी हवी असेल आणि x १०^१५ च्या आत असेल तर प्राइमसीव्ह पुरेसा आहे. विद्यार्थ्याला एकच बसवून द्यायचं असेल तर पारी द्या. अँड्रॉइडवर ते पॅरीड्रॉइड नावाने मिळतं, आणि वरचा ३७ अंकी प्रयोग कमी पटी घेऊन फोनवरही होतो.