किडनीचं पथ्य आणि मटण: रानातलं, बोकडाचं, गावरान कोंबडी की तापीचा मासा?

वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा घटक) वाढलं त्या आठवड्यातच सातपुड्याकडून एका ओळखीच्याचा निरोप आला, "भाऊंसाठी सशाचं मटण पाठवतो. रानातलं आहे, किडनीला बाधत नाही." माया खरी होती, सल्ला चुकीचा. तुमच्या घरीही हाच प्रश्न असेल तर आधी हिशोब बघा.

डायलिसिस सुरू नसलेल्या पेशंटला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रोटीन सांगतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 36 ते 48 ग्रॅम, भाकरी-वरणासकट. 100 ग्रॅम कच्च्या मटणातच 20 ग्रॅमच्या आसपास जातं. डायलिसिसवर मात्र गरज वाढते, तेव्हा शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नका.

ससा, रानडुक्कर यांचं मटण कमी चरबीचं असतं, हे खरं. पण प्रोटीन बोकडाइतकंच, त्यामुळे किडनीचं ओझं तेवढंच. वर शिकारीतल्या शिशाच्या छऱ्याचे बारीक कण मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि शिसं किडनीचं नुकसान करतं. रानडुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसातून जंत होतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकारच नव्हे, असं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे. माझ्या मते हा पर्याय विचारातच घेऊ नये.

बोकडाचं चालतं, पण चरबी काढून, आणि कलेजी नको; तिच्यात फॉस्फरस फार, आणि आजारी किडनीला फॉस्फरस-पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाहीत.

तापीचा रोहू-कटला हलका पडतो. मात्र माशाचं पित्त औषध म्हणून गिळायची खुळी समजूत अजून आहे. रोहूच्या पित्ताने चांगल्या माणसाच्याही किडन्या निकामी झाल्या आहेत. मासा साफ करताना पित्ताची पिशवी अख्खी काढून टाका. खारवलेले सुके बोंबील तर मिठासाठीच वर्ज्य.

आमच्या घरी गावरान कोंबडी ठरली, पण खरा घोटाळा रश्श्यात निघाला. काळ्या मसाल्यातलं भाजलेलं सुकं खोबरं, वर दाण्याचा कूट, दोन्हींत पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर, मीठ वेगळं. आणि आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपण जे अळणी पाणी वाटीभर पाजतो, त्यातच मांसातलं पोटॅशियम उतरलेलं असतं! वडिलांना भाकरी रश्श्यात चुरून खायची सवय, ती सोडवायला दोन महिने लागले. मिठाऐवजी 'कमी सोडियमचं मीठ' आणू नका, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं.

आता रविवारी आई कोंबडीचे लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळते, ते पाणी ओतून देते आणि कांदा, लसूण, थोडी मिरची घालून तव्यावर परतते. वडिलांच्या ताटात तीन तुकडे येतात, सोबत कोरडी भाकरी. त्या दिवशी त्यांच्यासाठी डाळ शिजत नाही. किती तुकडे चालतील हे दर रिपोर्टनंतर डॉक्टरांना विचारतो. मागच्या महिन्यात त्यांनी तीनच ठेवा म्हणून सांगितलं.