५जी फोन आहे, पण कुणाच्या ५जीचा?

फोनच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ५जी छापलेलं असतं, आणि तरी तो फोन तुमच्या सिमवर ५जी पकडत नाही. दुकानदाराला हे ठाऊक असतं. कोल्हापुरात आमच्या आत्याला असाच एक फोन गळ्यात मारला गेला.

आत्याचं सिम एअरटेलचं. दुकानदाराने ते आधी विचारूनही घेतलं होतं. तिने दहा हजारांच्या आतला फोन मागितला, तर हा म्हणाला, "मावशी, ५जी आहे, डोळे झाकून न्या." घरी आल्यावर बघतो तर ४जीच. त्याच खोलीत माझ्या फोनवर एअरटेलचंच ५जी व्यवस्थित चालू होतं, म्हणजे रेंजला दोष द्यायला जागा नव्हती.

दुकानात गेलो तर आधी म्हणाला, "अपडेट येईल." मग टॉवरचं काम निघालं. शेवटी पोटातलं ओठांवर आलं: "नंबर जिओला पोर्ट करा ना, मी आत्ता करून देतो." पोर्टिंगचं कमिशन कुणाला मिळतं ते सांगायला नको. आणि एकदा पोर्ट केलं की ९० दिवस दुसरीकडे जाता येत नाही.

खरी गोम वेगळी आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, तेव्हा जिओने ५जीचं स्वतंत्र जाळं उभारलं. त्याला एसए म्हणतात. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या यंत्रणेवर टेकून, म्हणजे एनएसएने. बहुतेक ५जी फोन दोन्हीवर चालतात. पण स्वस्तातल्या काही मॉडेल्सच्या चिपमध्ये फक्त एसए असतं. जे चिपमध्येच नाही ते अपडेटने कुठून येणार? सेटिंगमध्ये ५जीचा पर्याय मात्र दिमाखात दिसतो, त्यामुळे गिऱ्हाईक आठवडाभर नेटवर्कलाच शिव्या देत बसतं.

कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत "एसए" एवढंच लिहिलेलं होतं, एनएसएचा पत्ताच नव्हता. दुकानदाराचं पालुपद एकच, "खोकं फोडलंय, परत घेणार नाही." पक्कं बिल होतं म्हणून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर दाखवल्यावर तो फोन बदलून द्यायला तयार झाला, तोही वरचे पैसे घेऊनच.

आत्या म्हणाली, "या वेळी बिलावर लिहून दे, एअरटेलचं ५जी चालेल म्हणून." हातात धरलेलं मॉडेल त्याने मुकाट्याने परत कपाटात ठेवलं आणि दुसरं काढलं.