नऊ महिने वापरल्यावर: अभ्यासिकेतलं नवं नेटवर्क

लातुरात माझी अभ्यासिका आहे. खाली दगडी वाड्यात चाळीस खुर्च्या, वर पत्र्याच्या शेडमध्ये वीस, आणि अंगणापलीकडे मुलींसाठी वेगळी खोली. दिवाळीनंतर मी इथलं नेट सगळं नव्यानं करून घेतलं. ड्युअल बँड राउटर (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देणारा), आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (वायरीनं आलेलं नेट सेकंदाला 1000 मेगाबिटपर्यंतच्या वेगानं अनेक यंत्रांना वाटणारा डबा), कॅट-सिक्स नावाची नेटची वायर आणि वायरीनं आलेलं नेट वायफायवर सोडणारे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट. आता ऑगस्ट लागलाय. घेण्याआधी मला असं लिहिलेलं कुणाचं हवं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्याआधी रोज एकच ऐकायचो, "काका, नेट चालंना." मी प्लॅन 50 मेगाबिटचा 100 केला, 100 चा 200 केला. पैसे गेले, तक्रार राहिली. दुखणं कंपनीच्या लाइनीत नव्हतंच, माझ्याच छताखाली होतं. एकाच राउटरवर साठ फोन. वायफायच्या एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची आपली पाळी येईस्तोवर थांबतात. त्यात 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. फोनवरच्या अ‍ॅपनं बघितलं तर गल्लीतले बहुतेक राउटर 6 वर गर्दी करून बसलेले. मी 11 वर गेलो, तेवढ्यानंच संध्याकाळची रडारड निम्मी झाली. 5 गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण आमच्या दोन फुटी दगडी भिंतीपुढं त्याचं काही चालत नाही, आणि पत्रा तर सिग्नल परतवूनच लावतो. म्हणून वर आणि पलीकडे वायर नेऊन तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट लावले. जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायर द्या, हवा फोनसाठी मोकळी ठेवा. मी खर्च केला त्यातला सगळ्यात चांगला पैसा वायरीवरचा. मात्र वायर घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्तातल्या बऱ्याच वायरींत आत अॅल्युमिनियम असतं, वरून नुसता तांब्याचा मुलामा.

एका गोष्टीनं मला आठवडाभर छळलं. सगळे कॉम्प्युटर 190 च्या पुढं वेग दाखवत होते, कोपऱ्यातला एकच 94. सकाळी 94, मध्यरात्री 94. वेग कमी-जास्त होत असता तर गर्दी म्हटलं असतं, हा आकडा हलतच नव्हता. शेवटी स्विचकडे नीट बघितलं, तर त्या पोर्टचा दिवा पिवळा, बाकीचे हिरवे. म्हणजे ती जोडणी गिगाबिटची झालीच नव्हती, 100 वर अडकली होती. आणि 100 च्या लाइनीत पूर्ण 100 हाती लागत नाहीत. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्ते, खुणा, मधली मोकळी जागा यात पाचेक टक्के जातात, म्हणून 94. कॅट-सिक्समध्ये आठ तारा असतात. 100 ला चारच पुरतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात. वायरीच्या टोकाचा जॅक उजेडात धरून बघितला. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, सगळे टोकापर्यंत पोचलेले. शेवटची तपकिरी तार केसभर आखूड होती, सोनेरी दातापर्यंत गेलीच नव्हती. जॅक कापला, नवा दाबला, दिवा हिरवा. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगूनही कुणाला पटत नाही.

(200 चा प्लॅन असून डाउनलोड 25 नं होतंय, असं लेकरं विचारतात. कंपनी मेगाबिट सांगते, डाउनलोड मेगाबाइट दाखवतं. आठ बिटचा एक बाइट, 200 भागिले 8, हिशोब बरोबर आहे.)

प्रिंटर दर चार-पाच दिवसांनी हरवायचा. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. रात्री बंद केलेला प्रिंटर सकाळी नव्या पत्त्यावर उठायचा आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसायचे. राउटरमध्ये त्याच्या नावानं एक पत्ता राखून ठेवला, तेव्हापासून शांत.

उणिवाही सांगतो. मे महिन्यात शेडमधला अ‍ॅक्सेस पॉइंट दुपारी आपोआप बंद पडायचा. पत्र्यापासून हातभर खाली भिंतीवर घेतला, तेव्हा कुठं टिकला. लाइट गेली की राउटर आणि फायबरचा डबा (कंपनीची काचेची तार जिथं येते तो) दोन्ही बंद, म्हणून दोघांनाही छोटा यूपीएस लावला. नुसत्या राउटरला लावून उपयोग नाही, डबा बंद तर नेट बंदच.

मोठा फटका मृगात बसला. पलीकडच्या खोलीची तांब्याची वायर अंगणावरून उघड्यावर गेलेली. जवळच वीज कडाडली आणि स्विचचं एक पोर्ट आणि तिकडचा अ‍ॅक्सेस पॉइंट दोन्ही गेले. वीज थेट वायरीवर पडावी लागत नाही, जवळ पडली तरी तांब्यात दाब चढतो. आता त्या जागी फायबर टाकलंय, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल उजेडात आणि उजेडातला परत तांब्यात बदलणारे डबे) बसवून. काचेतून उजेड जातो, करंट जात नाही. फायबरला ताण सोसायला जी पोलादी तार असते, ती मात्र दोन्हीकडं भिंतीबाहेरच्या खिळ्यालाच संपवली, आतल्या यंत्रांना शिवू दिली नाही. परवाच्या रात्री तासभर विजा चमकत होत्या, पोरी मॉक टेस्ट देत बसल्या होत्या, एकीचंही नेट तुटलं नाही.