न्यू जर्सीत, एडिसनमधल्या आमच्या कौन्सेलरबाई : पाचपैकी चार

आधीच सांगते, बाई मराठी नाहीत, तमिळ आहेत. आम्ही मुद्दामच तसं शोधलं. इथे मंडळाच्या गणपतीत सगळे सगळ्यांना भेटतात. आपल्या घरातलं सगळं ऐकलेली बाई आरतीला शेजारी टाळ्या वाजवत उभी, हे नवऱ्याला नको होतं.

मुलगी सतराची. पुण्याहून आणली तेव्हा चार वर्षांची होती. गेल्या वर्षी रात्र-रात्र जागायला लागली, बापाशी बोलणं बंद. आधी दुसरीकडे गेलो होतो. तिथल्या बाई गोड बोलायच्या, पण पहिल्याच दिवशी विचारलं, "इतकी वर्षं इथे आहात, मग सिटिझनशिप का नाही घेत?" झालं! एच-वन-बी म्हणजे नवऱ्याचा नोकरीवरचा व्हिसा काय असतो, ग्रीन कार्डाची रांग किती लांब, बापाच्या व्हिसावर मिळालेला मुलीचा एच-फोर व्हिसा एकविसाव्या वाढदिवशी कसा संपतो, हे समजावण्यातच वेळ संपली. समजावत कोण होतं? पोरगीच.

ह्या बाईंनी फॉर्म वाचला आणि तिला एवढंच विचारलं, "एकवीस कधी पूर्ण होतात?" ती ढसाढसा रडली. आम्ही आपले मार्कांचं टेन्शन समजून बसलो होतो.

नवऱ्याला नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, वगैरे. पठ्ठ्याने सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण केली. बाईंनी वाद घातला नाही. "ॲसिडिटीची गोळी रोज घेता?" हो. "कधीपासून?" ऑफिसात माणसं कमी करायला लागले तेव्हापासून. मग निघालं सगळं. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. हे ओझं तो एकटाच वाहत होता, घरात चकार शब्द नाही.

एक तारा कापला त्याची कारणं. इन्शुरन्स थेट घेत नाहीत; पैसे आधी भरा, मग पावती पाठवून जे मिळेल ते. संध्याकाळची वेळ मिळायला दोन महिने लागले. एकदा पेनसिल्व्हेनियात नणंदेकडे होतो तर ऑनलाइन सेशनही नाही, कारण त्यांचं लायसन्स न्यू जर्सीचं. आणि सासूबाईंशी त्या हिंदीत बोलल्या. सासूबाई हिंदीत फक्त रिक्षावाल्याशी भांडतात, मन काय मोकळं करणार?

आता मुलगी एकटीच आत जाते, बाप गाडीत बसून राहतो. परवा येताना दोघं ओक ट्री रोडवर वडापाव खाऊन आले. माझ्यासाठी आणला नाही.