रात्री घालून झोपायच्या लेन्स अकरा महिन्यांनी बंद केल्या, त्याचा अनुभव

ऑर्थो-के, म्हणजे या रात्रीच्या लेन्स, सुरू केल्यावर काय होतं हे सगळेच सांगतात. बंद केल्यावर काय होतं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

माझं वय ३४, नंबर उजव्याला मायनस साडेतीन, डाव्याला सव्वातीन. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ असल्यामुळे लेसर नको असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा या लेन्स घेतल्या. कडक असतात. रात्रभर कॉर्नियाचा मधला भाग किंचित चपटा करून ठेवतात, मग सकाळी काढल्या की दिवसभर चष्मा लागत नाही. अमेरिकेत २००२ मध्ये मायनस सहापर्यंतच्या नंबरासाठी या पद्धतीला मंजुरी मिळाली, म्हणजे प्रकार काही नवा नाही.

पहिले सहा महिने मी हरखून गेले होते. उठल्या उठल्या समोरच्या गच्चीतल्या टाकीवरचं कंपनीचं नाव वाचता यायचं. पुण्याच्या पावसात चष्म्याशिवाय स्कूटर चालवण्याचं सुख तर चष्मेवाल्यांनाच कळेल.

अडलं ते झोपेपाशी. या लेन्सना सात-आठ तास हवेत. ऑफिसचे रात्रीचे कॉल सुरू झाले आणि माझी झोप पाच तासांवर आली. संध्याकाळी दुकानांच्या पाट्या पुसट व्हायला लागल्या. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती मोठी कडी दिसायची, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि चपट्या भागाच्या कडेचा प्रकाशही आत शिरतो. एका सकाळी घाईत थेंब न घालता चिकटलेली लेन्स ओढून काढली. दुपारपर्यंत डोळा लाल, उजेड सोसवेना. डॉक्टरांनी डाय टाकून निळ्या दिव्यात पाहिलं, तर वरचा थर खरवडला गेला होता. संसर्ग नव्हता, हे फार मोठं नशीब. दोन्ही लेन्स बंद करायला सांगितल्या, आणि डोळा बरा झाल्यावर पुन्हा सुरू करायच्या नाहीत हे मी त्याच आठवड्यात ठरवलं.

आता मुख्य भाग. नंबर एका रात्रीत परत येत नाही, रोज थोडा थोडा येतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी साधारण मायनस एक होता, तिसऱ्या दिवशी दोनच्या आसपास, आठवड्याने तीनजवळ. शेवटचा पाव-अर्धा नंबर यायला मात्र तीन आठवडे लागले. मी पहिल्याच दिवशी जुना चष्मा चढवला आणि डोकं भयंकर दुखलं. डोळ्याला एक नंबर हवा असताना साडेतीनची काच लावली तर दुसरं काय होणार! मग चष्म्याच्या दुकानातून दोन जुन्या फ्रेममध्ये साध्या काचा बसवून घेतल्या, एक दीडच्या, एक अडीचच्या. हा खर्च मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. पहिले दोन आठवडे मी रात्री गाडी चालवली नाही, रिक्षाने गेले. या दिवसांत दोन डोळ्यांचा वेगही सारखा नसतो. माझा डावा मागे राहिला होता, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकायचा. हे तात्पुरतं असतं हे माहीत असतं तर इतकी घाबरले नसते.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझा अनुभव लावू नका. त्यांना या लेन्स नुसतं दिसण्यासाठी नाही, तर नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी देतात. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत डोळ्याची लांबी (ती वाढली की मायनस नंबर वाढतो) वाढण्याचा वेग ४३ टक्क्यांनी कमी दिसला होता. लहान वयात मध्येच लेन्स थांबवल्या तर तो वेग पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे तिथे आपल्या मनाने काही करू नये.

आणि ज्यांच्या चालू आहेत त्यांना एकच विनंती, लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्याने धुऊ नका. त्या पाण्यातला अकांथामीबा नावाचा सूक्ष्मजीव डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं.

नव्या चष्म्याची घाई मी केली नाही. चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराची तपासणी, केली, दोन्ही वेळा कॉर्नियाचा आकार आणि नंबर सारखेच आले, तेव्हाच काचा बनवायला टाकल्या. नंबर उजव्याला साडेतीन, डाव्याला सव्वातीन. जिथून निघाले होते तिथेच.