जिप्सीच्या पाट्यांचे बोल्ट: बोहरी आळीतल्या एका दुकानाचा आणि तिथून घेतलेल्या मालाचा अनुभव

माझ्याकडे मारुती जिप्सी किंग आहे. तिच्या चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग आहेत. दोन वर्षांपूर्वी मी मूळ पाटे काढून गाडीची उंची थोडी वाढवणारे पाटे बसवले. त्या संचाबरोबर पॉलियुरेथेनचे बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकात बसणारी, धक्का झेलणारी जाड कडी), बुशमध्ये सरकवायच्या पोलादी नळ्या आणि बोल्ट असे सगळे एकाच खोक्यात आले होते, आणि खरे सांगायचे तर बोल्टांकडे मी तेव्हा नीट पाहिलेही नाही. या उन्हाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला एका दगडी वाटेने उतरताना पुढच्या डाव्या चाकापाशी ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की एकदा, सोडला की पुन्हा एकदा. घरी आल्यावर पाटा चॅसीला थेट जिथे जोडलेला असतो तिथला बोल्ट काढला. त्याच्या एका बाजूचे आटे चेपून सपाट झाले होते, आणि चॅसीवरच्या ब्रॅकेटच्या ज्या कानातून, म्हणजे बाजूच्या पत्र्यातून, ते आटे जात होते त्या कानाचे भोक गोल न राहता लांबट झाले होते. दुसऱ्या कानाचे भोक, जिथून बोल्टचा कोरा, बिनआट्यांचा दांडा जात होता, ते मात्र जसेच्या तसे होते. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यामुळेच पुढची सगळी खरेदी मी वेगळ्या पद्धतीने केली, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

पुण्यात गाडीचे सुटे भाग घ्यायचे तर नाना पेठ, आणि नट-बोल्ट घ्यायचे तर रविवार पेठेतली बोहरी आळी, हे ठरलेले आहे. ज्यांच्या जिप्सीवर कंपनीचेच पाटे आहेत त्यांनी नाना पेठेत जाऊन कंपनीचा मूळ बोल्ट घ्यावा. त्याची लांबी, दांडा आणि पिच (दोन आट्यांमधले अंतर) हे सगळे त्या ब्रॅकेटसाठीच ठरवलेले असते आणि त्यात डोके लावण्याचे कारण नाही. माझ्या पाट्यांचे बुश आणि नळ्या वेगळ्या मापाच्या असल्यामुळे मला तो मार्ग उरला नव्हता. म्हणून बोहरी आळीतल्या एका जुन्या, अरुंद, छतापर्यंत पत्र्याचे खण असलेल्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव इथे देत नाही, कारण आळीत अशी तीन-चार दुकाने आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते मालाविषयी आणि विक्रीच्या पद्धतीविषयी आहे.

मी ‘हायटेन्शनचा बारा एमएमचा बोल्ट द्या’ असे म्हणताच शेठ म्हणाले, “साहेब, जुना बोल्ट आणलाय का? सस्पेन्शनचा माल मी तोंडी मापावर देत नाही.” मी बोल्ट पुढे केला. त्यांनी गल्ल्याशेजारच्या डब्यातून पिच गेज काढून आट्यांवर टेकवला, मापे घ्यायला व्हर्निअर मला दिला आणि ब्रॅकेटचे माप विचारले. या एका गोष्टीसाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी गुण देईन. जपानी घराण्याच्या गाड्यांवर १२ मिमीच्या बोल्टला १.२५ ची बारीक पिच सर्रास असते, आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मात्र सहज हाताला लागतो तो १.७५ चा जाड आट्यांचा बोल्ट. पिच गेज लावल्याशिवाय किंवा मोकळ्या नटात फिरवून पाहिल्याशिवाय हा फरक सहज लक्षात येत नाही, आणि चॅसीला वेल्ड केलेल्या नटात चुकीच्या पिचचा बोल्ट जोर लावून फिरवला तर बोल्टबरोबर नटही जातो. विलिस वंशातल्या जुन्या जीपवर तर इंची आटे असतात. त्यांच्या मालकांनी मिलिमीटरच्या खणाकडे वळूही नये.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे लांबी. माझ्या ब्रॅकेटचा प्रत्येक कान ५ मिमी जाडीचा आणि दोन कानांमधली नळी ६० मिमीची. म्हणजे बोल्टने एकूण ७० मिमी पकडायचे. त्यावर अडीच मिमीचा एक वायसर आणि सुमारे १३ मिमीचा लॉकनट धरला तर ९० मिमीचा बोल्ट अगदी बरोबर बसतो आणि नटाबाहेर तीन-साडेतीन आटे दिसतात. कुणीही मेकॅनिक हाच बोल्ट निवडेल, आणि खोक्यातून आलेला माझा जुना बोल्टही ९० चाच होता. पण १२ मिमीच्या प्रमाणित अर्ध्या आट्यांच्या बोल्टला १२५ मिमी लांबीपर्यंत टोकाकडचे ३० मिमी आटे असतात. म्हणजे ९० च्या बोल्टचा कोरा दांडा ६० मिमीवर संपतो, आणि नळीचे शेवटचे ५ मिमी व पलीकडचा अख्खा कान आट्यांवर येतो. पाट्याचा प्रत्येक धक्का त्या कानाच्या पातळ कडेवरून आट्यांच्या टोकांवर जातो. जोड थोडा जरी सैल झाला की आटे कानशीसारखे भोक खात सुटतात. त्यात कोऱ्या दांड्याचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी असते, तर १.२५ पिचच्या आट्यांपाशी भार घेणारे क्षेत्रफळ ९२ च्या आसपास आणि १.७५ पिचला ८४ च्या आसपासच उरते. भोक लांबट का झाले याचे उत्तर मला दुकानाच्या फळीवर, व्हर्निअर हातात असतानाच मिळाले.

त्यामुळे मी १०० मिमीचा बोल्ट घेतला. त्याचा दांडा ७० मिमीच्या आसपास पोहोचतो आणि वायसर फक्त नटाच्या बाजूला घातला, डोक्याखाली घातला नाही, तर पलीकडचा कानही दांड्यावर बसतो. नटाबाहेर चौदा-पंधरा मिमी टोक राहते. ते कुणाला बेढब वाटेल. मला वाटत नाही. फक्त चाक पूर्ण वळवून ते टोक कुठे घासत नाही ना, हे आधी पाहावे. आणखी लांब बोल्ट घेतला तर मात्र आटे कानाच्या पुष्कळ बाहेर सुरू होतात, नट दांड्याला टेकून थांबतो आणि पाना घट्ट लागला तरी जोड आवळला जात नाही. म्हणून पूर्ण लांबीबरोबर दांड्याची लांबीही मोजून घ्यावी, कारण दांडा आणि आटे जिथे मिळतात तिथला उतार प्रत्येक मालात थोडा पुढे-मागे असतो. शेठनी खणातले बोल्ट ओतून मला एकेक मोजू दिले.

ग्रेडविषयी, म्हणजे बोल्टच्या ताकदीच्या दर्जाविषयी, बाजारात फार गैरसमज आहेत. ‘हायटेन्शन’ हा शब्द सगळेच वापरतात, पण डोक्यावर आकडा आणि बनवणाऱ्याची खूण अशा दोन्ही गोष्टी उठवलेल्या नसतील तर त्या शब्दाला अर्थ नाही. ८.८ या आकड्यातला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताणशक्ती आणि दुसरा ८ म्हणजे तिच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा लांबू लागतो, तसेच १०.९ म्हणजे १००० आणि ९००. मी १०.९ घेतला. टीव्हीएसची खूण असलेला, म्हणजे चेन्नईच्या सुंदरम फास्टनर्सचा, माल दुकानात होता. डोक्यावरचे अक्षर आणि आकडा नखाला लागेल इतका स्वच्छ उठलेला होता, सहाच्या सहा बोल्टांचे दांडे व्हर्निअरवर ११.८ ते ११.९ च्या दरम्यान भरले आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरला. बोल्टाइतकाच नटही महत्त्वाचा आहे. १०.९ च्या बोल्टला १० क्लासचाच नट हवा. साधा नट लावला तर बोल्टची ताकद वापरण्याआधीच नटाचे आटे सोलले जातात.

१२.९ चा काळा बोल्टही शेठनी दाखवला. आकडा मोठा म्हणून तो घेण्याचा मोह अनेकांना होतो, मी घेतला नाही. इतक्या कडक पोलादावर गंज टाळण्यासाठी झिंकचे विद्युत मुलामे चढवताना हायड्रोजन आत शिरला तर बोल्ट ठिसूळ होतो आणि आवळून ठेवल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी, पूर्वसूचना न देता तुटू शकतो. मुलामा नसलेला काळा बोल्ट आमच्याकडच्या पावसात आणि नदी ओलांडताना गंजणार हे उघड आहे. स्टेनलेसचा मोह त्याहून वाईट. दिसायला चकचकीत, गंजत नाही, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हवाहवासा वाटतो. पण दुकानात मिळणारा नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कललाच लांबू लागतो, म्हणजे तो साध्या ८.८ पेक्षाही नरम. हेडलाइटच्या ब्रॅकेटला खुशाल लावावा, पाट्याला लावू नये. लेथवर सळई कातून बनवलेल्या बोल्टाविषयी एवढेच म्हणेन की सळई कोणत्या पोलादाची आहे आणि कडक करण्यासाठी तिला तापवून पाणी कसे दिले आहे हे लेथवाल्यालाही माहीत नसते.

बसवण्याआधी लांबट झालेला कान वेल्डरकडून दुरुस्त करून घेतला. त्यावर नवी चकती वेल्ड करून १२ चे भोक नीट पाडले. वाकड्या भोकात नवा बोल्ट घालणे म्हणजे त्याच दुखण्याला नवे पैसे देणे आहे. नळीच्या आत आणि दांड्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला, कारण पावसाळ्यात दांडा नळीत गंजून धरला की पुढच्या वेळी ग्राइंडरशिवाय निघत नाही. आटे मात्र कोरडे ठेवले; मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो, आणि ग्रीस लावलेल्या आट्यांवर तोच टॉर्क दिला की बोल्ट जास्त ताणला जातो. नट नायलॉनच्या कड्याचा न घेता पूर्ण धातूचा लॉकनट घेतला. शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी करून केले. माझ्या पॉलियुरेथेन बुशला हे फार आवश्यक नसले तरी ज्यांचे बुश नळीला चिकटवलेल्या रबराचे आहेत त्यांनी हे विसरू नये. गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला पीळ पडतो आणि बुश काही महिन्यांत फाटतो.

प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंच लावला तेव्हा डावीकडचा एक नट थोडा फिरला. नव्या चकतीवरचा रंग दबला होता. तो पुन्हा आवळून रेघ नव्याने ओढली. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, मुळशीच्या बाजूला चार वेळा चिखलात आणि ओढ्यांत गाडी घातली. गेल्या आठवड्यात पाहिले तेव्हा सर्व रेघा जागच्या जागी होत्या. एक बोल्ट मुद्दाम काढला. दांड्यावर ओरखडा नव्हता, दोन्ही कानांची भोके गोल होती, मुलाम्यावर डोक्याच्या कडेला फक्त पांढुरकी पूड धरली होती. ‘टक्’ आवाज पहिल्याच दिवशी थांबला होता.

सहा बोल्ट, नट आणि वायसर मिळून १,२०० रुपयांच्या आत काम झाले आणि बिलावर ग्रेड लिहून मिळाली. दुकानाविषयी तक्रारी दोन आहेत. बारीक पिचमधल्या सगळ्या लांब्या त्यांच्याकडे नसतात. माझे सहापैकी दोन बोल्ट तीन दिवसांनी मिळाले आणि तोवर गाडी स्टँडवर उभी होती. दुसरे असे की फळीवर एकाच खणात खूण असलेला आणि बिनखुणेचा माल शेजारी-शेजारी पडलेला असतो. शेठ स्वतः असतील तर प्रश्न नाही, पण दुपारी दुकानात बसणारा मुलगा जे आधी हाताला येईल ते देतो. म्हणून सकाळी जावे आणि प्रत्येक डोके स्वतः पाहावे. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्ट मात्र इथे घेऊ नयेत. इथे मिळतो तो साध्या सळईचा वाकवलेला माल आहे. यू बोल्ट पाटे बनवणाऱ्याकडूनच, अ‍ॅक्सलच्या नळीची गोलाई मोजून घ्यावेत, आणि एकदा काढलेले पुन्हा वापरू नयेत.