मिरकरवाड्याच्या रस्त्यावरचं ताडपत्रीचं दुकान

रत्नागिरीत आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या वेळी आम्ही ताडपत्री इथूनच घेतो, पण मला हे दुकान आठवतं ते २०१५ मुळे. २५ एप्रिलला नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि आमच्याकडे ऐन हापूसचा हंगाम. बागेचे राखणदार नेपाळातल्या सिंधुपालचोक जिल्ह्याचे. दगड-मातीचं त्यांचं घर खाली बसलं. माणसं शेतात होती म्हणून वाचली.

ते गावी निघाले तेव्हा मी स्वस्तातली निळी ताडपत्री मागितली. दुकानदारांनी ती परत आत ठेवली. "ही फाटेल हो. तिकडेपण पाऊस तोंडावर आलाय." जाड, २५० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची), कडेला दोर शिवलेली दाखवली. चार घेतल्या. दोनांचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

१२ मे ला ७.३ चा दुसरा धक्का बसला तेव्हा सगळं कुटुंब त्याच ताडपत्रीखाली, उघड्यावर होतं. दोन पावसाळे ती टिकली. पुढे सरकारचे ३ लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने मिळाले, आणि भूकंपात भिंती एकसंध राहाव्यात म्हणून त्यांत आडवे पट्टे घालून नवं घर उभं राहिलं.

उणीव एकच: कोपऱ्यांच्या कड्या लवकर निघतात. राखणदारांनी कोपऱ्यात खडा गुंडाळून वरून दोरी आवळली. मीही आता तसंच करतो.

दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात जा, नंतर गर्दी होते.